फुटलं नाही, वाढलं

आमच्या घरात काहीही फुटत नसे. म्हणजे वस्तू हातातून पडायच्या, त्यांचे तुकडे व्हायचे, ते केरसुणीनं गोळाही करावे लागायचे, पण फुटणं हा शब्द चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून यायचं असा घरचा दंडक होता. नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजारालगत आमचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान. बाईची बांगडी फुटणं म्हणजे काय, ते बायकांना सांगावं लागत नाही. त्यामुळे ज्या घराची चूलच बांगड्यांवर पेटते त्या घरात तो शब्द उच्चारणं म्हणजे लक्ष्मीच्या तोंडावर दार लावणं. आमच्याकडे बांगडी वाढायची. तिच्या मागोमाग मग सगळंच वाढायला लागलं. कपबशी वाढली, आरसा वाढला, रांजण वाढला. एकदा शाळेत सहामाहीचा गणिताचा पेपर फुटला, तर मी घरी येऊन सांगितलं, ‘गणिताचा पेपर वाढला.’ बाबांना वाटलं, प्रश्न जास्त आले. ते म्हणाले, मंग टाइम बी जास्त द्या लागते ना त्याहीनं, आणि तावातावानं शाळेत जायला निघाले. त्यांना दारातून परत आणता आणता माझ्या तोंडाला फेस आला, कारण खरं काय झालं ते सांगायला माझ्याजवळ शब्दच नव्हता.

नारळ वाढवायचा, संध्याकाळी दुकान वाढवायचं, झोपताना दिवाही विझवायचा नाही, वाढवायचा. आणि ताटात वरणही वाढायचं, पोरीही वाढायच्या, माळ्यावर ठेवलेलं सामानही वाढायचं. बाहेरचा माणूस आला की त्याला आमचं बोलणं कळायला वेळ लागे. माझ्या आईचं लग्न होऊन ती या घरात आली त्या पहिल्याच दिवशी मोठी आई तिला म्हणाली होती, ‘दिवा वाढव वं.’ माझी भाबडी आई वात पुढे सारून उजेड मोठा करत बसली. ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला सांगितली जायची आणि दर दिवाळीला आई नव्यानं लाजायची.

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गिरणीत कामाला, घरात त्यांचा आवाज म्हणजे खोकला आणि ट्रान्झिस्टर. बाबा लकडगंजातून ठोक माल आणायचे, आई स्वयंपाक बघायची, पण दुकान आणि त्यामुळे घर हे मोठ्या आईचं राज्य होतं. ठेंगणी, गोरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हात असे की दगडाच्या मनगटावरसुद्धा बांगडी चढवेल. गिऱ्हाइकाचा हात ती हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, त्याच वेळी तिच्या सासूची, गुडघ्यांची, नवऱ्याच्या बदलीची चौकशी करायची, आणि बाई उत्तर देण्यात गुंतली की बांगडी मनगटावर गेलेली असायची. बांगड्या घालणं याला आमच्यात बांगड्या भरणं म्हणतात, हेही एक बरं आहे. रिकामा हात भरतो. मोठ्या आईला मूलबाळ नव्हतं आणि तिचे ते हात माझ्यात उतरले आहेत असं तिचं पक्कं मत होतं. मी सहावीत असतानाच लहान मुलींच्या बांगड्या माझ्याकडे आल्या. गल्लीतल्या पोरींना मोठ्या आईपेक्षा माझ्याकडून भरून घ्यायला आवडायचं, कारण मी त्यांच्या सासूची चौकशी करत नसे.

आमच्या घराचा आवाज म्हणजे काचेचा आवाज. फिरोजाबादची खोकी उघडली की पेंढ्यातून बांगड्यांचे तोडे, म्हणजे डझनाडझनांचे जुडगे, निघायचे आणि ते दोरीवर ओवताना जो किणकिणाट व्हायचा, तो अजूनही कधी कधी मी झोपेत ऐकते आणि जागी झाल्यावर बघते तर सून चमचे धूत असते. शेजारच्या भिंतीपलीकडून मागाचा आवाज. ते कोष्ट्यांचं घर. पहाटे त्यांचा खटक-खटक सुरू झाला की आमच्याकडे उठायची वेळ झाली. त्या घरातली कुसुम माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, माझी मैत्रीण, बहीण आणि मास्तरीण. तिनं मला वेणी घालायला, पोहायला आणि पाढे पाठ करायला शिकवलं. ती मागावर बसून धोटा फेकत पाढे म्हणायची आणि मी भिंतीच्या या बाजूनं तोडे ओवत तिच्या मागून म्हणायची. तिला शाळा आठवीतच सोडावी लागली होती. मागाला हात कमी पडत होते. त्याचं तिला फार वाईट वाटलं, पण रडणाऱ्यातली ती नव्हती. ती म्हणायची, मी नाई गेली तं काय, तू जा, अन आल्यावर मले सांग. मी रोज सांगायची.

दहावीच्या वर्षी माझ्या डोक्यात सायन्सनं घर केलं. त्याला कारण विज्ञानाचे वाकोडे सर. उंच, वाकलेले, शर्टावर कायम खडूची पावडर, आणि प्रश्न विचारला की चिडण्याऐवजी खूश होणारे. तसे मास्तर मला पुढे फार भेटले नाहीत. पण सायन्सचं कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मोठ्या आईनं माझ्यासाठी दुसरंच टोक ठरवलं होतं. दहावी झाली की मी दुकानात तिच्या शेजारच्या पाटावर बसायचं. तिचं म्हणणं असं की एवढे चांगले हात देवानं दिले ते बाटल्यांत पाणी ओतायला दिले नाहीत. बाबांना माझं शिकणं मनातून हवं होतं, पण मोठ्या वहिनीपुढे त्यांचं तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. मी हट्ट धरला, रुसले, दोन वेळा जेवले नाही. तिसऱ्या वेळी आईनं पाटोडीचा रस्सा केला, तिथं माझं उपोषण संपलं. मोठी आई म्हणाली, ‘पाहू.’ आमच्या घरात ‘पाहू’ म्हणजे नाही.

माघ महिना होता, बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते. आमच्या भूगोलाच्या बाई रजेवर होत्या म्हणून वाकोडे सर तासाला आले आणि त्यांनी फळ्यावर काहीच काढलं नाही, नुसता खडूनं एक टिंब दिलं. म्हणाले, हे काय आहे? कुणी म्हणालं पूर्णविराम, कुणी म्हणालं नागपूर. सर म्हणाले, हे सगळं आहे. एके काळी हे सगळं जग, सूर्य, तारे, तुम्ही, मी, तुमची दप्तरं, सगळं याहूनही लहान जागेत होतं. मग महास्फोट झाला आणि ते पसरायला लागलं, आणि अजूनही पसरतंच आहे. तारकांचे मोठमोठे समूह एकमेकांपासून दूर जात आहेत, आत्ता, या तासातसुद्धा. मी हात वर करून विचारलं, ‘सर, पण कुठं पसरून राहिलं? बाहेर जागा आहे काय?’ वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, बाहेर काही नाही, जागाच पसरते आहे. मला गरगरल्यासारखं झालं. आता माझी नात मला सांगते की आजी, तो काही फटाक्यासारखा स्फोट नव्हता, ते नाव चुकीचं पडलं. असेल बाई. पण तेव्हा मी तळ्याच्या काठाकाठानं घरी निघाले ती पाय जपून टाकत. पायाखालची जागा पसरते आहे म्हटल्यावर कोण धाडधाड चालेल?

घरी पोचते तो दुकानात गर्दी. कुसुमचं लग्न उमरेडच्या एका घरात ठरलं होतं, तेही कोष्टीच, मुलगा टपालात कामाला. लग्नाला चार दिवस उरले होते आणि त्या दिवशी तिचा हिरवा चुडा भरायचा होता. चुडा सासरकडचा, म्हणून नवऱ्या मुलाची आत्या मुद्दाम उमरेडहून आली होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. काळी, उंच, नाकात मोठी नथ, आणि आवाज असा की मागाचा खटखटाट बंद पडावा. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर पान हलत नाही असं कुसुमच्या आईनं आमच्या आईला आधीच सांगून ठेवलं होतं. कुसुम मधोमध पाटावर, हात मोठ्या आईच्या हातात, मान खाली. मला बघितल्याबरोबर ती सवयीनं हळूच म्हणाली, ‘आज काय शिकवलं?’

आता मी काय करायला हवं होतं? संध्याकाळी सांगते म्हणायला हवं होतं. पण पोटात ते सगळं विश्व मावत नव्हतं. मी म्हटलं, कुसुमताई, सरांनी आज जग कसं झालं ते सांगितलं. ती म्हणाली, कसं? आणि मला एकदम आठवलं की मी दुकानात उभी आहे, समोर नवरीचा चुडा आहे, आणि महास्फोट हा शब्द इथं चालायचा नाही. स्फोट म्हणजे फुटणंच की. घरची शिस्त माझ्या अंगात मुरलेली. मी अदबीनं, शुभ बोलावं म्हणून म्हटलं, ‘सुरवातीले सारं जग वाढलं. अन अजून बी वाढूनच राहिलं.’

मोठ्या आईच्या हातातली बांगडी अर्ध्यावर थांबली. कुणीतरी ‘अगंबाई’ म्हणालं. आत्याबाईंनी नथ सावरली आणि त्या माझ्याकडे वळल्या. चुडा भरायच्या घटकेला ही पोट्टी म्हणते जग वाढलं, असं त्या सगळ्यांना ऐकवत म्हणाल्या आणि उठायलाच लागल्या. मी घाबरून म्हटलं, फुटलं नाही, आत्याबाई, वाढलं. त्या म्हणाल्या, तेच तं. मी म्हटलं, तसं वाढलं नाही, मोठं झालं. त्या म्हणाल्या, मंग मोठं झालं म्हण ना, वाढलं काहून म्हणतं? मी म्हटलं, मोठं झालं पण आधी वाढलं. मोठ्या आईनं कपाळाला हात लावला. कुसुमच्या आईचा चेहरा पांढरा पडलेला मला अजून दिसतो. लग्न मोडायला एवढंही पुरे होतं त्या काळी. आणि कुसुम, जिचं लग्न, ती पदर तोंडात खुपसून हसू दाबत होती. तिच्या त्या हसण्यानंच मला धीर आला.

समोरच्या खुंटीला बुंदक्यांच्या बांगड्या होत्या. लाल काच आणि तिच्यावर पांढरे ठिपके. या बांगड्यांची एक गंमत मला ठाऊक होती, कारण लहानपणी मी त्या मोजत बसायची. तान्ह्या पोरीच्या मापाची असो की दांडग्या बाईच्या मापाची, ठिपके तेवढेच. कारखानदार काही जास्तीचा रंग खर्च करत नाही. मी तीन मापं काढली, लहान, मधलं आणि मोठं, आणि आत्याबाईंच्या पुढ्यात पाटावर एकात एक ठेवली. म्हटलं, आत्याबाई, आता पाहा. ही आतली बांगडी म्हणजे आधीचं जग, ही मधातली म्हणजे नंतरचं, अन ही बाहेरची म्हणजे आजचं. ठिपके म्हणजे तारे. ठिपका आपल्या जागचा हलला काय? नाही. लहानमोठा झाला काय? नाही. बांगडीच वाढली, म्हणून ठिपक्या-ठिपक्यात अंतर पडलं.

आत्याबाई उठता उठता बसल्या. त्यांनी मोठी बांगडी उचलली आणि बोटानं ठिपक्यांवरून फिरवली. मग विचारलं की यातला मधला ठिपका कोणता. मी म्हटलं, मधला नाहीच, गोलाला मधला कसा राहील. कोणत्याही ठिपक्यावर बसा, तिथून असंच वाटते का आपण जागेवर आहो अन बाकीचेच दूर चालले. आत्याबाईंनी एक सुस्कारा सोडला. म्हणाल्या, हे तं आमच्या घरचंच सांगून राहिली ही पोट्टी. चार भाऊ चार गावी गेले, अन ज्याले इचारा तो म्हणते, मी हाय तिथंच हाय, बाकीचेच दूर गेले. दुकानात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मला वाटलं, सुटलो. पण ती बाई अशी सुटू देणारी नव्हती. तिनं सगळ्यात लहान बांगडी उचलली, दोन बोटांत धरली आणि विचारलं, ‘याच्याहून लहान?’

मी म्हटलं, त्याच्याहून लहान अन त्याच्याहून लहान करत गेलं तं शेवटी अशी एक, जिच्यात बोट बी जाणार नाही. सारे ठिपके एकावर एक.

‘मंग ते बांगडी कायची?’

‘तेच तं वाढली, आत्याबाई. तिथूनच सारं सुरू झालं.’

‘वाढली म्हणजे मोठी झाली, का वाढली म्हणजे…’ त्या थांबल्या. त्यांच्याही तोंडून तो शब्द निघेना.

मला खोटं बोलता आलं असतं. पण समोर वाकोडे सर उभे आहेत असं वाटलं. मी म्हटलं, सर म्हणते, दोन्ही.

मोठ्या आईनं इथं माझी वेणी धरली आणि मला आत ढकललं. पडद्यामागून मी ऐकत होते. आत्याबाई म्हणाल्या, भरा चुडा, पण हे पोट्टी बोलून गेली ते माह्या मनात राहिलं. लगन होईस्तोवर माह्या सुनेच्या हातची एक बी बांगडी वाढली तं मी याले अपशकुनच समजीन. चुडा भरून झाला, कुसुम सगळ्यांच्या पाया पडली, मंडळी गेली. मोठी आई आत आली. मला वाटलं मार बसणार. तिनं मारलं नाही, ते जास्त वाईट होतं. ती शांतपणे म्हणाली, ‘लगन नीट पार पडलं तं तुह्या सायन्सचं पाहू. अन त्या पोरीच्या हातची एक बांगडी जरी वाढली, तं शाळेचं नाव घ्यायचं नाही. पाटावर बसायचं.’ या वेळचं ‘पाहू’ मात्र खरं होतं, हे तिच्या आवाजावरून कळलं. बाबा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जेवायला चला म्हणाले.

त्यानंतरचे चार दिवस मी कुसुमच्या हातांची राखण केली. विश्व काय व्हायचं ते होवो, कुसुमचे हात जपणं हे माझं शास्त्र झालं होतं. शाळेत जायच्या आधी भिंतीवरून डोकावून बघायची, आल्यावर दप्तर टाकून तिच्याकडे. तिला भांडी घासू देईना, पाणी ओढू देईना, मागाकडे तर फिरकू देईना. हळद लागली तेव्हा बायकांच्या लोटालोटीत मी तिच्या दोन्ही हातांना ओली फडकी गुंडाळली आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. कुसुमला या सगळ्याची फार मजा वाटायची. ती मुद्दाम दाराच्या चौकटीजवळ जाऊन हात वर करायची आणि माझा जीव वरखाली झाला की खदखदा हसायची. मी चिडून म्हटलं, तुले काय, तुहं लगन होऊन जाईन, पाटावर मले बसा लागन. तेव्हा मात्र ती हसायची थांबली. तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, तू जाशीन शिकाले. मी आठवीतच बसली ना मागावर, आपल्या दोघींतून एक बस झाली. मग मला रडू आलं आणि तिलाही आलं, आणि डोळे पुसायला तिनं हात उचलला तर मी रडता रडता ओरडले, हळू.

लग्न नंदनवनच्या बाजूला, कुसुमच्या मामाच्या अंगणात होतं. तिथं मोकळी जागा खूप. सकाळची वेळ, कोवळं ऊन, मांडवाच्या मागे वडाभाताचे वडे तळल्याचा वास, आणि बँडवाले असे की ज्याला जे वाजवायचं ते तो वाजवत होता. मी पहिल्या रांगेत, कुसुमच्या हातांवर डोळे लावून. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या, बँड थांबला. आता हार घालायचे. नवरा मुलगा चांगला उंच. कुसुमनं हार उचलला, टाचा वर केल्या, आणि त्याच वेळी त्या भल्या माणसानं तिला सोपं जावं म्हणून स्वतःचे हात मध्ये घालून हार धरायला मदत केली. त्याच्या मनगटावर कुसुमच्या बाबांनी दिलेलं नवंकोरं घड्याळ होतं.

टिंग झालं. एवढासाच आवाज. पण बांगड्यांच्या घरात वाढलेली पोर मी, शंभर आवाजांतून तो ओळखला असता. हिरव्या काचेचा तुकडा पाटावर पडला आणि उन्हात चमकायला लागला. बँडवाल्यांना वाटलं काहीतरी विधी चालू आहे, ते गप्प. एकेक बाईची मान वळत गेली, आधी तुकड्याकडे, मग आत्याबाईंकडे. कुसुमची आई मटकन खाली बसली. मोठी आई माझ्याकडे बघत होती. मला आतून सगळं संपल्यासारखं वाटलं. कॉलेज, वाकोडे सर, सगळं. आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते कुसुमसाठी, कारण हार तसाच वर धरून ती त्या तुकड्याकडे बघत होती. इतके दिवस हसत होती ती पोरगी, आणि आता हार घालायचंही विसरली होती.

आत्याबाई पुढे आल्या. वाकून त्यांनी तो तुकडा उचलला, तळहातावर ठेवला, उन्हात धरून बघितला. मग त्यांनी मांडवात नजर फिरवली आणि मला शोधून काढलं.

‘ए पोट्टी, इकडे ये वं.’

मी गेले.

‘काय झालं हे?’

मी म्हटलं, ‘वाढली, आत्याबाई.’

‘फु…’ त्यांनी जीभ आवरली. ‘तसं नाही ना झालं?’

‘नाही. वाढली.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या नथीखाली ओठ जरासा हलला. मग त्या मांडवाकडे वळल्या आणि त्यांच्या त्या मागाला गप्प करणाऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘ऐकलं काय सर्व्याहीनं? वाढली. जग बी असंच सुरू झालं म्हणते. वाजवा न बे बँड, काय पाहून राहिले?’

बँड वाजला. जो तो जे हवं ते वाजवत होता, पण त्या दिवशी मला ते फार सुंदर वाटलं. कुसुमनं हार घातला, आणि हाराच्या वरून माझ्याकडे बघून ती अशी हसली की मला वाटलं पुन्हा काहीतरी वाढणार. मोठी आई गर्दीतून वाट काढत पाटापाशी गेली, पिशवीतून हिरवी बांगडी काढली आणि नवरीच्या हातात भरली. जादाची बांगडी ती प्रत्येक लग्नात बरोबर ठेवायचीच, असं तिनं पुढे कितीतरी वर्षं सांगितलं. माझा त्यावर आजही विश्वास नाही. मला वाटतं ती त्या लग्नापुरतीच आणली होती.

कुसुमचं उमरेडचं घर पुढे भरभरून वाढलं, चांगल्या अर्थानं. आत्याबाई गेल्या त्याच्या आधीच्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले होते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला विचारलं, ‘अजून वाढूनच राहिलं काय गं ते?’ मी म्हटलं, हो आत्याबाई, पहिल्यापेक्षा बी जोरात. त्यांना बरं वाटलं.

लग्नाच्या त्या दिवशी मांडवात पंगत बसली. शेजारधर्म म्हणून आमच्या घरची माणसं वाढायला होती. मी पत्रावळीपुढे बसले, पण माझं लक्ष जेवणात नव्हतं, कारण लग्न पार पडलं होतं आणि बांगडीही वाढली होती, आणि माझं काय ते कुणी बोललं नव्हतं. शर्त दोन्ही बाजूंनी पुरी झाली होती. मोठी आई वडाभाताची परात घेऊन एकेकीला वाढत वाढत माझ्यापर्यंत आली. माझ्याकडे न बघता तिनं भाताचा ढीग घातला, वर वडे कुस्करले, त्यावर फोडणीचं तेल सोडलं. मग पुढच्या पत्रावळीकडे जाता जाता थांबली. म्हणाली, ‘ते कालेज लय दूर आहे म्हणते. पायी कशी जाशीन? सायकल पाहा लागन तुले.’

मी मान वर केली. शेवटच्या टोकाला बाबा पाणी वाढत होते, ते उभ्या उभ्याच हसत होते. मोठी आई अजून तिथंच, परात कमरेवर, डाव हातात.

‘अजून वाढू?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, ‘वाढ.’